अर्थनिर्णयाचा अधिकार : फ्रान्समधील स्वमग्नता संसाधन केंद्रांचा इतिहास

जी व्यक्ती बोलत नाही, किंवा इतरांना अपेक्षित अशा रीतीने बोलत नाही, तिच्या वर्तनाचा अर्थ कोणी लावावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका नाही. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न स्वमग्न मुलांच्या संदर्भात उपस्थित झाला, आणि काही दशकांच्या वादानंतर त्याचे एक उत्तर प्रशासकीय संस्थेच्या रूपाने पुढे आले. फ्रान्सच्या सर्व प्रदेशांत आज सार्वजनिक निधीवर चालणारी स्वमग्नता संसाधन केंद्रे आहेत. आरोग्यसेवेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून त्यांच्याकडे पाहता येते. परंतु त्यांच्या जन्मामागे अर्थनिर्णयाच्या अधिकाराचा जो संघर्ष आहे, तो लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे विशिष्ट स्वरूप उलगडत नाही.

या संघर्षाचे मूळ नामकरणापर्यंत जाते. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात ‘ऑटिझम’ ही संज्ञा स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरली होती. ‘स्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द तिच्या मुळाशी आहे. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या निबंधात हीच संज्ञा स्वीकारली. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्दही त्याच कल्पनेला अनुसरतो. ही व्यक्ती जगाकडे पाठ फिरवून स्वतःत बुडाली आहे, असे विधान त्या नावातच अंतर्भूत आहे. ते वर्णन नसून अर्थनिर्णय आहे, ही गोष्ट दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

१९६७ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरते. त्या वर्षी अमेरिकेत दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक ब्रुनो बेटलहाइम यांचे ‘रिता किल्ला’ या अर्थाच्या शीर्षकाचे, तर दुसरे क्लारा क्लेबॉर्न पार्क या मातेने आपल्या मुलीविषयी लिहिलेले ‘वेढा’ या अर्थाच्या शीर्षकाचे. दोन्ही पुस्तकांत किल्ल्याचेच रूपक आहे. मात्र त्याची रचना परस्परविरोधी आहे. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या बेटलहाइम यांनी स्वमग्न मुलाची तुलना छावणीतील कैद्याशी केली आणि मुलाच्या माघारीची जबाबदारी मातापित्यांच्या, विशेषतः मातेच्या, मनोवृत्तीवर टाकली. पार्क यांच्या पुस्तकात आई तटाबाहेर उभी आहे आणि आत प्रवेश मिळावा म्हणून चिकाटीने वेढा घालून बसली आहे.

फ्रान्समध्ये प्रभाव पडला तो बेटलहाइम यांच्या रूपकाचा. त्यांच्या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७४ मध्ये त्यांच्या कार्यावरील चित्रपट फ्रेंच दूरचित्रवाणीवरून दाखवले गेले. मनोविश्लेषणाला तेथील विद्यापीठांत, साहित्यसमीक्षेत आणि रुग्णालयांत तेव्हा जी प्रतिष्ठा होती, तिच्यामुळे हे विवेचन सहज रुजले. मुलाचे वर्तन संहितेप्रमाणे वाचले जाऊ लागले आणि त्या संहितेचा दडलेला अर्थ आईमध्ये शोधला जाऊ लागला. समीक्षेत चुकीच्या वाचनाची किंमत फारशी नसते. येथे ती कुटुंबांना मोजावी लागली.

याच काळात एक वेगळा प्रयोगही घडला. फेर्नां देलिन्यी यांनी १९६७ पासून सेव्हेनच्या डोंगराळ भागात, प्रस्थापित संस्थांच्या चौकटीबाहेर, न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांसह राहण्याची ठिकाणे उभी केली. मुलांसोबत राहणारी माणसे त्यांच्या दिवसभराच्या भटकंतीच्या रेषा कागदावर काढीत. या नकाशांतून मुलांच्या मनाचा अर्थ लावायचा नाही, हा तेथील दंडक होता. देल्यूझ आणि ग्वातारी यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात या रेषांची दखल घेतल्यामुळे साहित्यविचारात देलिन्यी परिचित झाले. तथापि हा प्रयोग मोजक्या मुलांपुरता होता. हजारो कुटुंबांना हवी असलेली शाळा, निदान आणि आधार त्यातून मिळणे शक्य नव्हते.

ती मागणी पालकांच्या संघटनांनी लावून धरली. त्यांतील एक प्रमुख संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली होती. १९८९ मध्ये ‘ओतीझ्म फ्रांस’ ही अधिक आग्रही संघटना उभी राहिली. शासनाने २७ एप्रिल १९९५ रोजी स्वमग्नतेविषयी परिपत्रक काढले. त्यापाठोपाठ ११ डिसेंबर १९९६ च्या कायद्याने स्वमग्नतेतून उद्भवणाऱ्या अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख करून कोणत्याही वयात बहुशाखीय साहाय्य मिळण्याची तरतूद केली. ‘बालमनोविकृती’ या जुन्या वर्गीकरणाच्या जागी ‘अपंगत्व’ हा शब्द आला, हा या कायद्याचा सर्वांत दूरगामी परिणाम होय. मनोविकृतीला उलगडा हवा असतो. अपंगत्वाच्या संज्ञेबरोबर हक्काची भाषा येते.

१९९९ च्या सुमारास ब्रेस्त, तूर, मोंपेलिए आणि रँस येथे पहिली चार संसाधन केंद्रे प्रायोगिक स्वरूपात आकाराला आली. २००२ च्या कायद्याने अशा केंद्रांना वैद्यकीय-सामाजिक संस्थांच्या यादीत स्थान दिले. दरम्यान एका युरोपीय संघटनेच्या तक्रारीवरून युरोपीय सामाजिक हक्क समितीने नोव्हेंबर २००३ मध्ये निर्णय दिला आणि तो २००४ मध्ये जाहीर झाला. स्वमग्न व्यक्तींच्या शिक्षणाबाबत फ्रान्सने युरोपीय सामाजिक सनदेचा भंग केला आहे, असा तो निष्कर्ष होता. ८ मार्च २००५ च्या परिपत्रकाने प्रत्येक प्रदेशात केंद्र असावे, हे धोरण निश्चित केले.

या केंद्रांचा खर्च आरोग्यविम्याच्या सार्वजनिक निधीतून होतो आणि त्यांपैकी अनेक केंद्रे विद्यापीठीय रुग्णालयांशी संलग्न आहेत. गुंतागुंतीच्या प्रकरणांत निदान करणे, कुटुंबांना माहिती देणे, शिक्षक व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि संशोधनात सहभागी होणे ही त्यांची कामे आहेत. उपचार मात्र तेथे केले जात नाहीत. प्रत्येक केंद्राचा दस्तऐवज विभाग हेही एक वैशिष्ट्य आहे. एकेकाळी तज्ज्ञाच्या मुखातूनच जे ज्ञान मिळे, ते येथे पालकाला स्वतः वाचता येते. फ्रेंचमधील ‘रसूर्स’ या शब्दाला साधनसामग्रीबरोबरच आधार, तरणोपाय असाही अर्थ आहे. ‘संसाधन’ या मराठी प्रतिशब्दात तो दुसरा अर्थ उतरत नाही, आणि कुटुंबांची अपेक्षा तर प्रामुख्याने त्याच अर्थाची होती.

केंद्रे उभी राहिली तरी वाद शमला नाही. २०११ मध्ये सोफी रोबेर यांचा ‘भिंत’ या अर्थाच्या शीर्षकाचा माहितीपट आला. किल्ल्याचे रूपक येथे उलटे झाले : आता तट मुलाभोवती नव्हता, तो मनोविश्लेषणाने मुलासमोर उभारला होता. मुलाखती दिलेल्या तीन मनोविश्लेषकांनी दावा दाखल केला. लील येथील न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी २०१४ मध्ये अपिलात तो फिरवला गेला. मधल्या काळात, मार्च २०१२ मध्ये, फ्रान्सच्या उच्च आरोग्य प्राधिकरणाने आपल्या शिफारशींत मनोविश्लेषणाधारित पद्धतींविषयी सहमती नसल्याचे नमूद केले.

अर्थनिर्णयाचा अधिकार असा एका ज्ञानशाखेकडून दुसरीकडे गेला. परंतु निदान मिळाल्यावर जायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर केंद्रांपाशी नव्हते. निदानासाठी दीर्घ प्रतीक्षा, आणि निदानानंतर शाळा वा निवासी संस्थेत जागा मिळवण्यासाठी पुन्हा प्रतीक्षा, अशी दुहेरी स्थिती निर्माण झाली. अनेक फ्रेंच कुटुंबांना आपल्या मुलांसाठी शेजारच्या बेल्जियममधील संस्थांचा आश्रय घ्यावा लागला. ५ मे २०१७ च्या शासकीय आदेशाने केंद्रांची कार्यपद्धती ठरवून दिली आणि त्यांच्या मार्गदर्शक मंडळात स्वमग्न व्यक्तींच्या व कुटुंबांच्या प्रतिनिधींना स्थान दिले. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणानुसार लहान मुलांसाठी स्वतंत्र समन्वय यंत्रणा सुरू झाली. अंतिम निदानाची वाट न पाहता साहाय्य सुरू करावे, हे तिचे तत्त्व आहे. अर्थ निश्चित होण्याआधीच सोबत सुरू व्हावी, या तत्त्वाचे देलिन्यींच्या प्रयोगाशी असलेले साम्य नजरेत भरते.

दुसरा बदल साहित्याच्या क्षेत्रात घडला. जोझेफ शोव्हानेक यांचे आत्मकथन २०१२ मध्ये आले. प्रौढ वयात निदान झालेल्या तरुणीची कथा सांगणारी, ज्यूली दाशे यांच्या लेखनातून साकारलेली चित्रकादंबरी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना इतकी वर्षे वाचले जात होते, ते आता लेखक झाले.

भारतात १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो केला आणि २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वाच्या सूचीत स्थान दिले. केंद्र शासनाची प्रादेशिक केंद्रे आपल्याकडेही आहेत. मात्र ती सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी आहेत. या दोन व्यवस्थांच्या तुलनेस फ्रान्सचा इतिहास एक निकष पुरवतो. चुकीचे वाचन थांबवण्यासाठी सार्वजनिक संस्था आवश्यक असते, पण तेवढ्याने तिचे काम पूर्ण होत नाही. नाव मिळालेल्या माणसाला शाळा, काम आणि घर मिळते की नाही, यावरूनच तिचे मूल्यमापन करावे लागेल.