बडोद्याच्या शाळेतील आकाश

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका बारा वर्षांच्या मुलाला १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसविण्यात आले, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे तिसरे सयाजीराव गायकवाड या नावाने कीर्ती पावलेल्या याच राजाने १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शेतकऱ्याचे मूल शाळेत आले, आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला. या मुलाला पृथ्वी व आकाश शिकवावयाचे, ते कोणत्या शब्दांनी?

शब्दांचे भांडार रिते होते असे नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त गोलाध्याय आहे. पृथ्वी वाटोळी असून सपाट का भासते, याचे उत्तर त्यांनी दिले आहे: परिघाचा शंभरावा अंश सपाटच दिसतो. कक्षा, ध्रुव, क्षितिज, विषुववृत्त ही सारी नाणी त्या जुन्या टांकसाळीतली होत. एकोणिसाव्या शतकातील पाठ्यपुस्तककारांनी ती उचलली. मात्र काहींवर नवा छाप मारावा लागला.

‘ग्रह’ हाच शब्द पाहावा. पंचांगातील नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू आणि केतूही आहेत. पृथ्वी मात्र नाही. शाळेच्या पुस्तकाने सूर्याला तारा केले, चंद्राला उपग्रह ठरविले, राहू-केतूंना यादीतून वगळले आणि पायाखालच्या पृथ्वीला ग्रहांच्या पंक्तीत बसविले. घरात आजी एक यादी सांगे, शाळेत गुरुजी दुसरी. शब्द एक, अर्थ दोन. आणि त्या दोहोंमध्ये उभे असलेले मूल! ‘ज्वालामुखी’चीही गोष्ट तशीच. काँगड्याच्या देवस्थानात खडकातून ज्योती निघतात, तेथे अग्निपर्वत नाही. पण त्याच नावाने मुले लाव्हा ओकणारा डोंगर ओळखू लागली.

बडोद्यात आणखी एक अडचण होती. तेथे मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा शाळांतून नांदत होत्या. शेंडी असलेल्या ताऱ्याला मराठी शेतकरी शेंडेनक्षत्र म्हणे, गुजराती शेतकरी पूंछडियो तारो. संस्कृतातला ‘धूमकेतू’ दोघांनाही चाले. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी शास्त्र व कला देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला आणि परिभाषेचे काम हाती घेतले. राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांतील कोश, ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’, १९३१ साली निघाला, तोही याच वृत्तीतून. या सोयीची किंमत मात्र पडली. जो शब्द दोन्ही भाषांत समान, तो बहुधा दोन्ही घरांना परका असे. आणि परका शब्द पाठ होतो, समजतोच असे नाही.

तो समजावा कसा, याचे साधन बडोद्याच्या अंगणातच आहे. हे शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. म्हणून जूनच्या आरंभी एकदा आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो व सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. हे घडते ते घड्याळात बारा वाजता नव्हे, तर साडेबारा उलटल्यावर. कारण भारताची प्रमाणवेळ पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. एका काठीने अक्षांश, रेखांश आणि कर्कवृत्त हे तिन्ही शब्द एका दुपारी उलगडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेतकरी म्हणतो, ‘मृग लागला.’ सूर्य मृग नक्षत्रात आला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे सक्तीने शाळेत आणलेल्या त्या मुलाच्या घरी खगोलशास्त्र आधीपासूनच होते; पुस्तकाने त्याची ओळख विचारली नव्हती, इतकेच.

शब्दांचे हे काम संपलेले नाही. २००६ साली प्लूटो ग्रहमालिकेतून उतरला आणि मराठीला ‘बटुग्रह’ घडवावा लागला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरले, तेव्हा घरोघरी मुलांच्या तोंडी ‘कक्षा’ आणि ‘ध्रुव’ हे भास्कराचार्यांचे शब्द होते. साडेआठशे वर्षांचे हे शब्द मुलांना जड गेले नाहीत. जे डोळ्यांनी पाहिले, त्याचे नाव कधी जड होत नाही.