क्रीडावैद्यक

क्रीडावैद्यक : खेळ व व्यायाम यांचे शरीरावर होणारे परिणाम, खेळातील दुखापतींचा प्रतिबंध व उपचार आणि जायबंदी व्यक्तीचे पुनर्वसन यांचा अभ्यास करणारी वैद्यकाची शाखा. या शाखेच्या इतिहासात एक प्रश्न पुन:पुन्हा उपस्थित झालेला दिसतो : दुखावलेल्या अवयवाला विश्रांती द्यावी की हालचाल ? या प्रश्नाच्या उत्तरावर खेळाडूचे खेळातील भवितव्य अवलंबून असते आणि काही वेळा त्याचे प्राणही.

प्राचीन काळ : व्यायामाला मात्रा असते, हा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम आपल्या बलाच्या निम्म्या मर्यादेपर्यंतच करावा, असे सांगितले असून अतिव्यायामाने खोकला, ज्वर, श्वास, भ्रम इ. विकार उद्‌भवतात, असा इशाराही दिला आहे. ग्रीसमध्ये इ. स. पू. पाचव्या शतकात हेरॉडिकस याने व्यायामाचा उपचार म्हणून उपयोग केला. गेलेन हा वैद्य इ. स. दुसऱ्या शतकात पर्गामम येथे ग्लॅडिएटर योद्ध्यांच्या जखमांवर उपचार करीत असे. जेरोनिमो मर्कुरिआले या इटालियन वैद्याने १५६९ मध्ये व्यायामकलेवर लॅटिन ग्रंथ लिहून या प्राचीन ज्ञानाचे संकलन केले.

विश्रांती व हालचाल : एकोणिसाव्या शतकात अस्थी व सांधे यांच्या उपचारांत दोन पंथ होते. इंग्लंडमध्ये जॉन हिल्टन व ह्यू ओवेन टॉमस यांनी विश्रांतीचा पुरस्कार केला. टॉमस यांच्या मते ही विश्रांती सक्तीची, अखंड व दीर्घकाल असावी. याउलट फ्रान्समध्ये झ्यूस्त ल्यूका-शांप्यॉन्येर यांनी अस्थिभंगातही लवकर हालचाल व मर्दन करावे, असे प्रतिपादन केले. प्रत्यक्षात विश्रांतीचा पक्षच दीर्घकाळ प्रबळ राहिला. क्षयाने ग्रस्त झालेल्या सांध्याला विश्रांतीने खरोखर गुण येत असे. परंतु निरोगी खेळाडूच्या लचकलेल्या घोट्यालाही तोच नियम लावला गेला.

शरीरक्रियाविज्ञानाचा पाया : हा वाद सोडविण्यासाठी लागणारी मोजमापे विसाव्या शतकात उपलब्ध झाली. ए. व्ही. हिल व हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये धावणाऱ्या व्यक्तीच्या ऑक्सिजन-ग्रहणाला कमाल मर्यादा असते, असे दाखविले. अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठाच्या श्रमजन्य थकव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेने (१९२७–४७) उष्णता, उंची व श्रम यांच्या परिणामांविषयी मौलिक संशोधन केले. १९२८ मध्ये सेंट मॉरिट्‌स येथील हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी क्रीडावैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. भारतात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगक्रियांच्या शारीरिक परिणामांचे प्रायोगिक संशोधन सुरू केले.

जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनमधील बससेवकांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृद्‌रोहिणीविकार कमी आढळला. त्यामुळे व्यायाम हा केवळ खेळाडूंचा नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचा विषय ठरला.

युद्ध व पुनर्वसन : दुसऱ्या महायुद्धात जायबंदी सैनिकांनी रुग्णालये भरून गेली. अमेरिकी सेनेतील डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी शिकागो येथील सैनिकी रुग्णालयात, दुबळ्या झालेल्या स्नायूंकडून जड वजने उचलवून घेण्याचा उपक्रम केला व १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वजन क्रमाक्रमाने वाढवीत जाण्याची ही पद्धत आजही पुनर्वसनाचा पाया आहे. इंग्लंडमध्ये लूडविग गुटमन यांनी १९४४ पासून स्टोक मँडव्हिल येथे, ज्यांचे आयुष्य संपले असे मानले जाई अशा मेरुरज्जू दुखावलेल्या रुग्णांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी तेथे १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पुढे पॅरालिंपिक क्रीडासामने विकसित झाले, ते या उपक्रमातूनच. सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्यात त्यांनी १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथे ५० मी. मुक्तशैलीचे सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक स्पर्धेतील भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय.

विश्रांतीची किंमत १९६६ मध्ये डॅलस येथील प्रयोगाने आकड्यांत मांडली. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर ठेवले असता त्यांचे कमाल ऑक्सिजन-ग्रहण मिनिटाला सरासरी ३·३ लिटरवरून २·४ लिटरवर आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची तपासणी केली, तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी आढळली.

दुखापतींवरील उपचार : जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी सांध्यात दुर्बीण घालून तपासण्याचे तंत्र विकसित केले व त्याद्वारे १९६२ मध्ये गुडघ्यातील फाटलेल्या कूर्चेवर शस्त्रक्रिया केली. त्यामुळे मोठा छेद टळून खेळाडू लवकर चालू लागला. मात्र शस्त्रक्रिया हाच उपाय असे नव्हे. स्वीडनमधील एका संशोधनात (२०१०) गुडघ्यातील पुढचा स्वस्तिक अस्थिबंध तुटलेल्या १२१ तरुणांची पाहणी करण्यात आली. व्यायामोपचाराने सुरुवात केलेल्या ५९ जणांपैकी ३६ जणांवर दोन वर्षांत अस्थिबंधाची शस्त्रक्रिया करावी लागली नाही आणि दोन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या दुखऱ्या कंडरेवर भार देऊनच ती बरी करण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. विश्रांती, बर्फ, दाब व उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. परंतु बर्फामुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते, असे त्यांनीच २०१४ मध्ये मान्य केले.

खेळात परतण्याचा निर्णय : हालचालीचा पक्ष विजयी झाला, याचा अर्थ विश्रांती निरुपयोगी ठरली असा नव्हे. मेंदूला हादरा बसल्याची शंका येताच खेळाडूला मैदानाबाहेर काढलेच पाहिजे. कारण पहिला आघात निवळण्यापूर्वी दुसरा बसल्यास तो घातक ठरू शकतो. ॲम्स्टरडॅम येथील परिषदेने (२०२२) अशा खेळाडूस पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती द्यावी व नंतर हलक्या व्यायामापासून पायरीपायरीने पुढे न्यावे, अशी शिफारस केली. अंधाऱ्या खोलीत अनेक दिवस पडून राहण्याचा जुना सल्ला त्यामुळे मागे पडला.

भारतात पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या स्थापनेनंतर (१९६१) प्रशिक्षणाला शास्त्रीय अधिष्ठान मिळू लागले. परंतु तज्ञांच्या व उपकरणांच्या उपलब्धतेइतकाच महत्त्वाचा प्रश्न अधिकाराचा आहे. सामना जिंकण्याची निकड संघाला असते, परतण्याची घाई खेळाडूला असते आणि दुखापतीचे परिणाम मात्र त्याला एकट्यालाच आयुष्यभर भोगावे लागतात. म्हणून खेळाडू मैदानात केव्हा उतरेल, हे सामन्यांच्या वेळापत्रकाने नव्हे, तर त्याच्या अवयवाच्या मोजलेल्या क्षमतेने ठरावे आणि त्याविषयी वैद्याचा शब्द अखेरचा असावा, हेच क्रीडावैद्यकाच्या आजवरच्या वाटचालीचे सार होय.