गुंठ्यावर चढलेले मजले

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी हडपसर सोडून पुढे आली की मांजरी बुद्रुक लागते. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव. ‘मांजरी गोटा’ वांगे लावणाऱ्यांना त्याचे नाव सांगायला नको. उसावर आणि द्राक्षावर संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्थाही इथेच आहेत. इथल्या एखाद्या मळ्यात उभे राहून पश्चिमेकडे नजर टाका. उसाच्या तुऱ्यांवरून हडपसरच्या बाजूच्या उंच इमारती दिसतात. एके काळी या मुलखात उंच म्हणजे देवळाचा कळस, नाही तर बांधावरची चिंच. मग माणसे एवढ्या उंचावर राहायला का गेली? तुम्ही म्हणाल, जागा पुरेना म्हणून. ते अर्धेच खरे आहे.

पुण्यातच पाहा. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला. वाडा सात मजली होता आणि वरच्या मेघडंबरीवरून आळंदीचा कळस दिसे, असे सांगतात. त्या वेळी पुण्यात जागेची काय वाण होती? उंची होती ती मानाची. १८२८ च्या आगीत लाकडी मजले गेले. दगडी तट आणि जोती उरली.

पण साध्या माणसाच्या घराला उंची परवडत नसे, कारण जिना. पाण्याची घागर घेऊन चौथा मजला चढून पाहावा म्हणजे कळते! म्हणून जुन्या शहरांत सर्वांत वरचा मजला गरिबाचा असे. हा क्रम उलटा केला लिफ्टने. दोर तुटला तरी पाळणा खाली कोसळू नये अशी कळ अमेरिकेत एलिशा ओटिस याने १८५० नंतरच्या काही वर्षांत लोकांसमोर चालवून दाखवली. त्यापुढे वरचा मजला श्रीमंताचा झाला. हवा त्याची, देखावा त्याचा, आणि रस्त्यावरचा गलका मात्र खालच्याच्या वाट्याला.

मुंबईत ही हवा १९६० नंतर आली. दक्षिण मुंबईच्या टेकडीवर ‘उषाकिरण’ ही पंचवीस मजली इमारत उभी राहिली, तेव्हा लोक माना वर करून मजले मोजत. पुढे १९८३ साली कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ पुरी झाली. रुंदी २१ मीटर, उंची ८४ मीटर, म्हणजे रुंदीच्या चौपट. तीत फ्लॅट अवघे ३२. मला ही इमारत आवडते ती दुसऱ्याच कारणाने. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. कोरियांनी फ्लॅटच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागा ठेवल्या. आपल्या घराला पडवी असते ना, तीच युक्ती. फक्त आकाशात नेलेली.

आता कायद्याची एक गोष्ट समजून घेऊ. शिक्षक बंधू-भगिनींनी ती फळ्यावर मांडावी. तुमची १० गुंठे जागा आहे. सरकार म्हणते, चटई क्षेत्र निर्देशांक १. याचा अर्थ, सगळ्या मजल्यांची जमीन मिळून १० गुंठेच भरली पाहिजे. अर्ध्या जागेवर बांधले तर दोन मजले, एक गुंठ्यावर बांधले तर दहा. निर्देशांक ३ केला की त्याच एका गुंठ्यावर तीस. उंच आणि शिडशिडीत इमारतीचे मूळ या हिशेबात आहे. न्यूयॉर्कला तर शेजाऱ्याने न वापरलेला हक्कही विकत मिळतो. बांधापलीकडच्याच्या डोक्यावरचे आकाश घ्यायचे आणि आपल्या माथ्यावर रचायचे. तिथल्या ५७ व्या रस्त्यावरची एक इमारत अशीच ४३५ मीटर चढली आहे, आणि तिची उंची रुंदीच्या चोवीस पट आहे. ज्वारीचे ताट याहून कितीतरी सडपातळ असते म्हणा, पण ताटात कोणी संसार मांडत नाही. वाऱ्याने इमारत डुलते, वर राहणाऱ्याला गरगरते. म्हणून माथ्याजवळ शेकडो टनांचे वजन झुलते ठेवतात. इमारत एकीकडे झुकली की ते उलट ओढ देते. जवळच्याच दुसऱ्या एका मनोऱ्यात दर बारा मजल्यांनंतर वाऱ्याला वाट म्हणून मोकळी जागा सोडली आहे. एवढा खटाटोप करून बांधलेली कित्येक घरे वर्षातले पुष्कळ दिवस बंदच असतात. पैसा ठेवण्याची ती जागा झाली.

आपल्याकडे हे मनोरे कुठे उगवले? गिरणगावात. सातारा, सांगली, कोकण इथल्या घरोघरी परळ-लालबागहून मनिऑर्डर येत असे, ते हे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा नीट वाजलेच नाहीत. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीची वाटणी ठरली: एक हिस्सा पालिकेच्या मोकळ्या मैदानांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी सबंध जमिनीची न राहता फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची झाली. उच्च न्यायालयाने कामगारांच्या आणि नागरिकांच्या बाजूने कौल दिला होता. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका शब्दाचा फेर, पण मैदानांचा आणि घरांचा हिस्सा पार आटला. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर आज २८० मीटर उंचीचा, शहात्तर मजली ‘वर्ल्ड वन’ उभा आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडती निघाल्या खऱ्या, पण अर्जदार लाखाच्या वर होते.

परत मांजरीकडे येऊ. मांजरीच्या शेजारी मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमीन तुकड्यांनी न विकता सुमारे चारशे एकर एकत्र केली आणि स्वतःच वसाहतीच्या कंपनीचे भागीदार झाले. सगळ्यांनाच ते जमते असे नव्हे. भाऊबंदकी आड येते, हे मी काय सांगावे! पण गिरणगावात कामगाराच्या हाती जे नव्हते, ते इथे शेतकऱ्याच्या हाती होते: सातबारा.

मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे. आता गुंठ्याचा भाव बोलताना घेणारा मातीकडे पाहत नाही, त्या गुंठ्यावर किती मजले चढतील याचा हिशेब त्याने आधीच करून ठेवलेला असतो. २०२० च्या राज्याच्या नियमावलीप्रमाणे हा आकडा पुष्कळसा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. एकाच पोताची दोन शेते, एक ९ मीटर रस्त्यावर आणि दुसरे २४ मीटर रस्त्यावर, तर दोघांचा निर्देशांक वेगळा. सातबाऱ्यावर मात्र रस्त्याची रुंदी लिहिलेली नसते. ती विकास आराखड्याच्या नकाशावर पाहावी लागते, आणि इसार घेण्याच्या आधी पाहावी लागते.