प्रदान प्रवाहाचे पुनर्निर्देशन
संगणकीय कार्यक्रमातून बाहेर पडणारी माहिती पडद्याऐवजी फाइलीकडे वा अन्य साधनाकडे वळविण्याची पद्धत. वळविलेला प्रवाह मूळ ठिकाणी आणणे, यास पुनःस्थापन म्हणतात.

१९६० नंतरच्या दशकातील मल्टिक्स या परिचालन प्रणालीत यासाठी तीन आज्ञा द्याव्या लागत : प्रवाह फाइलीस जोडणे, काम करविणे व प्रवाह पूर्ववत करणे. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत हे काम ‘>’ या एका चिन्हाने होऊ लागले. आज्ञा स्वीकारणारा शेल हा कार्यक्रम प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र उपप्रक्रिया निर्माण करतो. प्रवाह तेवढ्या उपप्रक्रियेपुरताच वळत असल्याने शेलचा स्वतःचा प्रवाह अबाधित राहतो व पुनःस्थापनाची गरज उरत नाही.

अनेक आज्ञा एकत्र लिहिलेल्या आज्ञासंचात मात्र प्रारंभी एक दोष आढळला. उदा., निलंगा व औसा या तालुक्यांतील गावांच्या याद्या देणाऱ्या दोन आज्ञांचे प्रदान एकाच फाइलीत वळविले, तर निलंग्याच्या यादीनंतर औशाची यादी यावयास हवी. परंतु फाइलीतील लेखनस्थानाची नोंद त्या वेळी प्रत्येक प्रक्रियेत वेगळी असे. त्यामुळे दुसरी आज्ञा पुन्हा आरंभापासून लिही व पहिली यादी पुसली जाई. ही नोंद प्रक्रियेतून काढून सर्वांना सामाईक अशा कोष्टकात ठेवल्यावर हा दोष दूर झाला.

स्टीव्हन बॉर्न यांच्या शेलमध्ये (१९७९) प्रवाहांचा निर्देश क्रमांकांनी करता येऊ लागला : ० आदान, १ प्रदान व २ त्रुटिसंदेश. ‘एक्झेक’ या आज्ञेने खुद्द शेलचाच प्रवाह वळविता येतो. तो उपप्रक्रियेपुरता नसल्याने येथे पुनःस्थापन आवश्यक ठरते. त्यासाठी ‘एक्झेक ३>&१’ या आज्ञेने मूळ प्रवाहाची प्रत क्रमांक ३ वर राखतात; नंतर ‘एक्झेक >यादी’ या आज्ञेने प्रदान फाइलीकडे वळवितात. काम संपताच ‘एक्झेक १>&३ ३>&-’ या आज्ञेने मूळ प्रवाह परत आणून राखीव प्रत बंद करतात. प्रत आधी राखली नसल्यास पुढील सर्व उत्तरे फाइलीतच जातात आणि मूळ प्रवाह कोठे जोडलेला होता, हे शेलला सांगता येत नाही. प्रत बंद न केल्यास ती पुढील उपप्रक्रियांकडेही जाते.

१९९२ च्या पॉझिक्स मानकात या चिन्हांना प्रमाणरूप मिळाले. १९८९ मधील बॅश या शेलनेही हीच पद्धत स्वीकारली आहे.