लांब चिमट्याच्या मोटारसायकली : चॉपरची घडण

मोटारसायकलचे पुढचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये धरलेले असते त्या जोडीला फोर्क किंवा चिमटा म्हणतात. जुन्या गाडीचा मूळ चिमटा काढून त्या जागी अधिक लांबीचा चिमटा बसवण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, रुजली. अशा लांब चिमट्याच्या गाडीला ‘चॉपर’ म्हणतात. या प्रथेकडे केवळ दिखाऊ हौस म्हणून पाहिले जात असले, तरी तिची मुळे युद्धातून उरलेल्या स्वस्त सामानात आणि लहान गॅरेजांतील कारागिरांच्या काटकसरीत आहेत.

युद्धकाळात हार्ले-डेव्हिडसन कंपनीने ‘डब्ल्यूएलए’ ही 750 सीसीची लष्करी मोटारसायकल हजारोंच्या संख्येने तयार केली होती आणि युद्ध संपताच या गाड्या व त्यांचे सुटे भाग कमी किमतीत बाजारात आले. सैन्यातून परतलेल्या तरुणांनी त्या घेतल्या, वजन कमी करून वेग वाढवण्यासाठी पुढचे मडगार्ड काढून टाकले आणि मागचे आखूड केले. अशा गाडीला ‘बॉबर’ म्हणत. त्या काळी हार्लेचा चिमटा ‘स्प्रिंगर’ पद्धतीचा असे, म्हणजे त्यात दांड्यांच्या दोन जोड्या असत आणि रस्त्याचे धक्के वरच्या बाजूला उघड्यावर बसवलेल्या स्प्रिंगा झेलत. वाळवंटी युद्धासाठी 1942 मध्ये कंपनीने ‘एक्सए’ नावाची, जर्मन बीएमडब्ल्यूच्या धर्तीवरची, शाफ्टने चालणारी गाडी जेमतेम हजाराच्या घरात बनवली होती. तिचा स्प्रिंगर नेहमीच्या चिमट्यापेक्षा काही इंच लांब होता, आणि गाडी स्वतः फारशी उपयोगात आली नाही तरी तिचा चिमटा मात्र पुढे हौशी कारागिरांनी शोधून शोधून मिळवला. लांबीची ही आवड अशा रीतीने प्रथम तयार सुट्या भागांवरच भागवली गेली.

काही इंचांपुरते हे निभावले. लांबी आणखी वाढताच गाडीची भूमिती आड आली. चिमटा ज्या अक्षाभोवती वळतो त्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे ‘रेक’, आणि तो अक्ष खाली वाढवला असता जमिनीला जिथे टेकेल त्या बिंदूपासून टायरच्या टेकणीपर्यंतचे अंतर म्हणजे ‘ट्रेल’. ट्रेलमुळे चाक आपोआप सरळ राहू पाहते. ते कमी झाले तर हॅन्डल थरथरते, फार वाढले तर वळवणे जड जाते. निव्वळ लांब दांड्या घातल्या की गाडीचे तोंड वर उचलले जाते, इंजिन मागे कलते आणि रेक व ट्रेल दोन्ही वाढतात. टायरसह 300 मि.मी. त्रिज्येचे चाक आणि अक्षापासून 50 मि.मी. पुढे काढलेला चिमटा धरला, तर 30 अंशांच्या रेकला ट्रेल सुमारे 115 मि.मी. भरते आणि 45 अंशांना ते जवळजवळ 230 मि.मी. होते. अशी गाडी मोकळ्या महामार्गावर सरळ धावते, परंतु गल्लीत सावकाश वळताना तिचे पुढचे चाक एका अंगाला कोसळू पाहते.

म्हणूनच खऱ्या जाणकारांनी चिमट्याआधी चॅसीला हात घातला. चॅसीचा जो नळीसारखा भाग चिमट्याचा दांडा धरून ठेवतो, तो कापून अधिक तिरका करून पुन्हा वेल्ड केला की लांब चिमटा लावूनही गाडी जमिनीशी समांतर राहते. चिमट्याच्या दांड्या धरणाऱ्या ‘टी’ निराळ्या कोनात घडवल्या तर वाढलेले ट्रेलही आवरता येते. हार्लेने 1949 मध्ये ‘हायड्रा-ग्लाइड’वर तेलभरला दुर्बिणी चिमटा, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा, आणल्यावर आणखी एक सोपी वाट निघाली: मूळ नळीच्या डोक्यावर आटे पाडलेला लोखंडी तुकडा बसवून लांबी वाढवायची. ही वाट स्वस्त होती आणि घातकही होती, कारण ब्रेक लावताना पडणारा सगळा ताण त्या सांध्यावर येई. अखंड लांब नळी हाच या कामाचा प्रामाणिक उपाय होता.

या कारागिरीला जगभर ओळख मिळाली ती 1969 च्या ‘इझी रायडर’ या चित्रपटाने. त्यातील लांब चिमट्यांच्या गाड्या क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी, पोलिसांच्या वापरातून निवृत्त झालेल्या जुन्या हार्ले घेऊन घडवल्या होत्या. पडद्यावर त्या चालवणारे पीटर फोंडा आणि डेनिस हॉपर घराघरांत पोहोचले, गाड्या घडवणाऱ्यांची नावे मात्र श्रेयनामावलीत आली नाहीत आणि कित्येक दशके सर्वसामान्य प्रेक्षकाला ठाऊकही नव्हती. चॉपरच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि या विषयावरच्या कोणत्याही लेखनात तो नोंदवला गेलाच पाहिजे.

चित्रपटानंतर लांब चिमटे विकणे हाच स्वतंत्र धंदा झाला. शेवटी कारखान्यालाही ही आवड मान्य करावी लागली: हार्लेने 1971 मध्ये ‘सुपर ग्लाइड’ आणि 1980 मध्ये लांबवलेल्या चिमट्याची ‘वाइड ग्लाइड’ बाजारात आणली. महाराष्ट्रात या घडणीचे दूरचे, सौम्य रूप पोहोचले ते पुण्याच्या बजाज कंपनीच्या 2001 मधील ‘एलिमिनेटर’ आणि 2005 मधील ‘अव्हेंजर’ या गाड्यांमधून. जुन्या गाडीवर असा बदल स्वतः करून घेण्याला मात्र भारतात कायद्याची आडकाठी आहे: मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असा फेरफार वाहनमालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका कायम केली.