सीमापार नोकरदार : अमेरिकेचा अनिवासी प्राप्तिकर
कॅनडात राहून अमेरिकेत नोकरी करणाऱ्याने तिथल्या पगारावर भरावयाचा संघीय प्राप्तिकर. विंडसरहून नदीखालच्या बोगद्याने किंवा अँबॅसडर पुलावरून रोज डेट्रॉइटला जाणाऱ्या परिचारिका हे याचे ठळक उदाहरण.

अमेरिकेतील वास्तव्य भारित मोजणीने १८३ दिवसांवर गेले की परदेशी माणूस करापुरता निवासी ठरतो. या मोजणीत चालू वर्षाचे सर्व, गतवर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश दिवस धरतात. कॅनडातून नियमित ये-जा करणाऱ्याचे कामाचे दिवस मात्र त्यातून वगळतात. म्हणून तो अनिवासीच राहतो आणि १०४०-एनआर हे विवरणपत्र भरतो. दर नेहमीचे चढतेच, पण प्रमाणित वजावट नाही आणि पतिपत्नींचे संयुक्त विवरणपत्रही नाही. कॅनडातल्या घरून काम केलेल्या दिवसांचा पगार प्रमाणात वगळता येतो. त्यासाठी दिवसांची नोंद काटेकोर हवी. अमेरिकेतील वार्षिक पगार १०,००० डॉलरपर्यंत असल्यास अमेरिका-कॅनडा कर करारानुसार (१९८०) हा कर लागत नाही.

विवाहितांच्या हिशेबाचा गाभा याच कराराच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आहे. दोघेही अमेरिकी नागरिक असते तर एकत्रित उत्पन्नावर किती कर बसला असता, हे आधी काढायचे. त्या एकत्रित करपात्र उत्पन्नात नोकरदाराच्या करपात्र उत्पन्नाचा जितका वाटा, तितकाच वाटा त्या कराचा घ्यायचा. अमेरिकेला त्याहून जास्त कर आकारता येत नाही. जोडीदाराची कमाई नसेल किंवा अगदी थोडी असेल, तर फरक मोठा पडतो. इथे अट कॅनडातील निवासाची आहे, कॅनडाच्या नागरिकत्वाची नाही. भारतीय पासपोर्टवर तिथे स्थायिक झालेल्या मराठी नोकरदारालाही ही मर्यादा लागू होते.

तोच पगार कॅनडातही करपात्र असतो. अमेरिकेत भरलेला कर तिथल्या करातून वळता होतो, आणि कॅनडाचा कर सहसा जास्त असल्याने अमेरिकेत वाचलेले पैसे बहुधा कॅनडाच्या तिजोरीत जातात. तरीही हे गणित सोडून चालत नाही. करारानुसार देय रकमेहून जास्त कर अमेरिकेत भरला, तर ती जादा रक्कम कॅनडा ऐच्छिक मानतो आणि वळती करू देत नाही. तेवढा भुर्दंड नोकरदाराच्याच माथी बसतो.

मिशिगन राज्याचा ४.२५ टक्के आणि डेट्रॉइट शहराचा अनिवासींवरील १.२ टक्के कर याखेरीज. पगारातून कर कापला जात असल्यास अमेरिकी विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल, कॅनडाची साधारणतः ३० एप्रिल. आधी अमेरिकेचे विवरणपत्र पुरे करावे. त्यातला अंतिम आकडा हाती आल्याशिवाय कॅनडाचे भरता येत नाही.