‘काटकसरी’ जनुक : एका रूपकाचा प्रवास

मिशिगन विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली मधुमेहाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. मधुमेह म्हणजे ‘प्रगती’मुळे अपायकारक ठरलेली एक ‘काटकसरी’ जनुकरचना असेल काय, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. ‘काटकसरी’ व ‘प्रगती’ हे दोन्ही शब्द नील यांनी अवतरणचिन्हांत घातले होते आणि शीर्षकाच्या अखेरीस प्रश्नचिन्ह दिले होते. दुष्काळ व सुकाळ यांच्या फेऱ्यांत ज्यांच्या शरीराने अन्नाचा साठा त्वरेने केला, ते तगले. सुकाळ कायमचा झाला तेव्हा तोच गुण रोगास कारण झाला, अशी ही कल्पना. मूळ मांडणीचा शारीरक्रियाविषयक आधार टिकला नाही, हे नील यांनी पुढे स्वतःच मान्य केले. रूपक मात्र टिकले आणि त्याबरोबर एक साखळीही रूढ झाली : आधी जनुक, त्यातून मेद, मेदातून रोग.

या साखळीचा पहिला दुवा बळकट आहे. डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींची प्रौढपणीची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या शरीराची ठेवण जन्मदात्यांशी जुळत होती; पालनकर्त्यांशी जुळत नव्हती. पुढे २००७ साली ३८,७५९ व्यक्तींच्या अभ्यासातून ‘एफटीओ’ या जनुकातील भेद पुढे आला. युरोपीय वंशाच्या प्रौढांपैकी सुमारे १६ टक्के लोकांत त्याच्या दोन्ही प्रती आढळतात आणि ती मुळीच नसणाऱ्यांपेक्षा त्यांचे वजन सरासरी ३ किलोग्रॅमने अधिक भरते. या भेदाचा मधुमेहाशी संबंध होता, परंतु वजनाचा परिणाम वगळताच तो नाहीसा झाला. साखळी अभंग दिसली.

तिला पहिला छेद पुण्याहून मिळाला. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह एक टिपण ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते; मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. २००९ साली याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांमधील ‘एफटीओ’चा अभ्यास प्रकाशित केला. येथे वजनाचा परिणाम वगळल्यावरही मधुमेहाशी असलेला त्या भेदाचा संबंध बहुतांशी कायम राहिला. जनुकापासून रोगापर्यंतची वाट केवळ वजनातून जात नाही, असा याचा अर्थ होतो.

दुसरा छेद सामोआ बेटांवरील अभ्यासातून बसला. ‘सीआरईबीआरएफ’ या जनुकातील एक भेद तेथे वजन लक्षणीय वाढवतो, असे २०१६ साली सिद्ध झाले. त्याच भेदामुळे मधुमेहाचा संभव मात्र घटतो. तरीही या शोधनिबंधाच्या शीर्षकात तो भेद ‘काटकसरी’ म्हणूनच आला. त्या शब्दाभोवती अवतरणचिन्हे नव्हती, प्रश्नचिन्हही नव्हते. ज्या रोगाचा उलगडा करण्यासाठी नील यांनी हा शब्द योजला, त्याच रोगापासून संरक्षण देणाऱ्या भेदाला तो अखेर चिकटला.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. मेद व रोग एकच मानले, तर काट्यावर हलका भरणारा प्रौढ निर्धास्त राहतो आणि जड भरणारा तपासणीपूर्वीच रोगी ठरतो. आनुवंशिक भेद दोहोंवर परिणाम करतात, पण प्रत्येक वेळी एकाच दिशेने नव्हे. नील यांचे प्रश्नचिन्ह आजही आपल्या जागी योग्यच आहे.